देवीला सोडलेले दाणे

खोली भाड्यानं मागायला गेलेल्या माणसाला तेव्हा तीन प्रश्न हमखास विचारत. गाव कुठलं, जात कुठली आणि लग्न झालंय का. हौसावैनींनी मला यातलं काहीच विचारलं नाही. पडवीत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मास्तर, दाणे खाता काय?"

मला वाटलं, पाहुणचार होतोय. मी कऱ्हाडकडचा. दाण्याचं कूट नसलेल्या भाजीला आमच्याकडे भाजी म्हणत नाहीत. मी आनंदानं "हो" म्हटलं.

"मंग नाय जमायचं," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या.

लढाईचे दिवस होते. चौक नावाच्या बाजारगावापासून दोन मैलांवरच्या त्या गावात चाळीस-पन्नास घरं, एक गावदेवी, एक शाळा आणि त्या शाळेला मी नवा मास्तर. दुसरी रिकामी पडवी गावात नव्हती. मी घाईघाईनं म्हणालो, "नाही खाल्ले तरी चालेल मला." तेव्हा त्या थांबल्या. त्यांच्या पदराआडून तीन वर्षांची एक काळीसावळी पोर डोकावत होती. तिच्याकडे बोट करून वैनी म्हणाल्या, "ही मंजी. हिला दाणे बाधतात. घरात दाणा आला, तर एकतर दाणा बाहेर जाईल नायतर मास्तर."

भाडं किती ते आम्ही त्यानंतर चार दिवसांनी ठरवलं.

मंजी लग्नानंतर नवव्या वर्षी झालेली. दीड वर्षाची असताना कुणा पाहुण्यानं लाडानं तिला शेंग फोडून दिली. घटकाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, डोळे मिटले आणि छाती घरघरायला लागली. गावानं आधी दृष्ट काढली, मग अंगारा लावला. वैनींचे यजमान तुकारामदादा, ज्यांच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द पडले तर खूप, त्यांनी कुणाला न विचारता गाडी जुंपली आणि पोरीला कर्जतच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सरळ माणूस निघाला. म्हणाला, "कशानं होतं ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. हिला दाणे देऊ नका, एवढंच औषध." फुकटात सांगितलेलं हे औषध वैनींनी जन्माचं बांधून घेतलं.

आता दाणे न देणं म्हणजे किती सोपं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. त्या घरात राहायला लागल्यावर कळलं की माणसांच्या जगात दाणा नाही अशी जागाच नाही. उपासाला दाणे, चटणीत दाणे, आमटीत कूट, प्रसादात दाणे आणि तेल तर दाण्याचंच. त्यात गावाची रीत अशी की घरी आलेल्या पोराला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. पोरगं उंबऱ्यात दिसलं की म्हाताऱ्या उठून डबा उघडायच्या आणि डब्यात काय, तर गूळ-दाणे. मंजी दिवसातून सात घरं फिरायची. वैनी तिच्यामागं सात घरं फिरायच्या.

तेलासाठी त्या चौकात घाण्यावर जायच्या. घरचे तीळ घेऊन जायच्या, आणि ते घाण्यात घालायच्या आधी तेल्याला घाणा धुवायला लावायच्या. नुसता पुसून चालायचं नाही. कढत पाणी, राख, नारळाची शेंडी. तेली बिचारा घामाघूम व्हायचा, बैल उभ्या उभ्या झोपायचा. एकदा मी बरोबर होतो. तेली म्हणाला, "वैनी, घान्याचं लगीन हाय काय? हळद पन लावू का?" वैनींनी उत्तर दिलं, "लावा. पन आदी आंगोळ पुरी करा. तो खालचा कोपरा ऱ्हायलाय." शिवाय पहिलं शेरभर तेल त्या त्यालाच देऊन टाकायच्या, कारण त्यात दाण्याचा अंश असेल. तेली कुरकुरायचा आणि ते तेल ठेवून घ्यायचा.

माझी गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती गावभर झाली. पहिल्या महिन्यात आईनं घरून दाण्याच्या चटणीचा डबा धाडला. वैनींनी तो चिमट्यात धरून, हात लांब करून, परड्यापलीकडच्या चिंचेपर्यंत नेला आणि फांदीला टांगला. "मास्तर, तुमच्या आईनं केलीय, टाकायची नाय. पन खायची हितं." मग मी रोज संध्याकाळी चिंचेखाली जाऊन, इकडेतिकडे बघत, चटणी-भाकरी खायचो. नंतर चूळ भरायची, राखेनं हात धुवायचे आणि मग घरात पाऊल टाकायचं. नवा मास्तर चिंचेखाली लपून गांजा ओढतो, ही बातमी आठ दिवसांत सरपंचांपर्यंत गेली. खुलासा करायला वैनीच मला घेऊन गेल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडाचा वास घ्यायला लावून आल्या.

बडबड, भांडण आणि हसणं या तिन्ही गोष्टी वैनी एकाच आवाजात करायच्या. लांबून ऐकणाऱ्याला यातलं काय चाललंय ते कळत नसे. मोठ्या रस्त्यावर एकदा लष्करी गाड्या थांबल्या होत्या आणि एका गोऱ्या सोल्जरनं पोरांना गोळ्या वाटल्या. मंजीच्या हातातली गोळी वैनींनी काढून घेतली, हुंगली आणि त्याच्यापुढे धरून शुद्ध गावठी मराठीत विचारलं, "ह्याच्यात दाणे हायत काय रं?" तो हसला. "हसतोस काय? हाय का नाय?" त्यानं सलाम ठोकला. वैनींनी गोळी त्याच्या खिशात परत घातली आणि मंजीला घेऊन चालू लागल्या. अख्ख्या लढाईत त्या पलटणीला कुणी असं दटावलं नसेल.

पण गाव काही सोल्जर नव्हतं. गावाला शहाणपण होतं. "येका दाण्यानं काय व्हतंय?" हे वाक्य मी त्या वर्षी शंभर वेळा ऐकलं. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं, नवसाचं पोर म्हणून हौसानं तिला काचेची करून ठेवलीय, थोडं थोडं दिलं की सवय होते. शेजारच्या भीमाकाकींना हे फार मनापासून वाटायचं. त्या तुकारामदादांच्या चुलती. मंजीवर त्यांचा एवढा जीव की तिला न बघता पाणी गळ्याखाली उतरत नसे. त्या जिवापोटीच त्यांनी एक दिवस दाण्याचं अगदी बारीक कूट नाचणीच्या लाडवात घातलं आणि पोरीला भरवलं. हौसाची भीती मोडेल, असा त्यांचा हिशेब.

त्या दिवशी मी शाळा सोडून घरी आलो तेव्हा वैनी ओटीवर मंजीला खांद्याशी उभी धरून बसल्या होत्या. पोरीचा चेहरा ओळखू येत नव्हता. श्वास ओढताना तिच्या मानेच्या शिरा ताणत होत्या. तुकारामदादा गाडी घेऊन बाजाराला गेलेले, कर्जतला न्यायची सोय नव्हती. वैनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दिवस कलता कलता घरघर कमी झाली, पोरीनं डोळे किलकिले केले आणि पाणी मागितलं. मी त्या दिवशी फार घाबरलो होतो.

कुणी दिलं ते वैनींना कळलं होतं. मंजीच्या ओठांवर नाचणीचं पीठ होतं आणि आळीत त्या दिवशी नाचणी एकाच घरात भाजली होती. पण त्या भीमाकाकींना काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हाल्या, नारळ घेतला, देवळात गेल्या आणि देवीची पूजा बघणाऱ्या भगताला सांगितलं, "देवी सपनात आली. म्हनाली, मंजीचे दाणे मला दे."

त्या भागात मूल जगावं म्हणून त्याच्या नावानं एखादा पदार्थ देवाला सोडतात. ठरल्या वयापर्यंत मुलाला तो द्यायचा नाही. गावात कुणाचा गूळ सोडलेला होता, कुणाची केळी. भगतानं विचारलं, "कवापरत?" आणि वैनी सगळे बोलतात तेच बोलून गेल्या, "पाच वर्सं पुरी होस्तवर." ही एवढीच चूक त्यांनी केली.

त्या दिवसापासून गाव बदललं. डॉक्टरचं ज्यांनी ऐकलं नाही, ते सगळे देवीला भ्याले. दुकानदार मंजी दिसली की दाण्याच्या पोत्यावर फडकं टाकायचा. पोरं खिशातल्या शेंगा खाऊन, तोंडं पुसून तिच्याशी खेळायला यायची. बारशाच्या घरातून आधी निरोप यायचा, "आज उसळीत कूट हाय, मंजीचं येगळं काडलंय." भीमाकाकींनी तर स्वतःच्या घरातले दाणे काढूनच टाकले. सर्वांत जास्त फायदा भगताचा झाला. देवीला दाणे आवडतात असं पसरल्यावर लोक नारळाऐवजी पसाभर दाणे वाहायला लागले, आणि भगताच्या घरची सगळी माणसं दोन वर्षांत अंगानं चांगली भरली.

मंजीनं या सोयीचा अर्थ आपल्या परीनं लावला. चार वर्षांची असताना तिनं कारलं देवीला सोडलं. मग आंघोळ सोडली. एकदा दुपारची झोप सोडली. वैनी तिला धोपटायच्या आणि पाठ वळवून पदर तोंडात कोंबून हसायच्या.

मला हे खोटं आहे हे माहीत होतं. वैनींनीच चिंचेखाली येऊन सांगितलं होतं. "सपान बिपान काय नाय, मास्तर. मला झोपच नाय, सपान कुठनं पडंल?" आणि मग म्हणाल्या, "कुनाला बोलू नका. बोललात तर चटणी बंद."

पाचवं वर्ष सरलं आणि पुढच्या चैत्रात देवीची जत्रा आली. नवस फेडायचा तर तुला करायची, ही रीत. पोराला पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात सोडलेला पदार्थ त्याच्या भाराइतका घालायचा, तो देवीला द्यायचा आणि त्यातला पहिला घास भगतानं आपल्या हातानं पोराला भरवायचा. घास खाल्ला की पोर मोकळं. वैनींनी टाळायचे सगळे उपाय केले. यंदा दाणे महाग आहेत म्हणाल्या. तर गावानं घरटी पसापसा दाणे गोळा केले. दोन वर्षं सांभाळलेली पोर ती, तिच्या तुलेची हौस प्रत्येकाला होती. अडवायचं तरी कुणाला?

जत्रेच्या सकाळी वैनी पडवीत आल्या. चेहरा उतरला होता. "मास्तर, तुमी शिकल्याले. काय करू?"

मी म्हणालो, "देवी पुन्हा स्वप्नात आली म्हणून सांगा. मुदत वाढवून मागितली म्हणा."

त्या म्हणाल्या, "दहा वर्सं म्हनीन. मंग दहाव्याला वीस म्हनीन. मंग मी मेले की हिला कोन सांगंल का नको खाऊ? हिला खरंच वाटतंय, देवीनं घेतल्यात, देवी देनार. भगतानं घास दिला तर ही तोंड उघडनार, मास्तर."

तुकारामदादा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "खरं सांग." दिवसाचे निम्मे शब्द त्यांनी त्यात संपवले.

देवळापुढच्या आंब्याला दुकानातला मोठा काटा टांगला होता. नव्या परकरात मंजी पारड्याच्या दोऱ्या धरून बसली होती आणि झोका मिळाल्यासारखी खूश होती. दुसऱ्या पारड्याशेजारी दाण्यांचं पोतं. भगतानं त्यात हात घातला, तशा वैनी पुढे झाल्या.

"भगतदादा, थांबा. देवीनं दाणे मागितले नाय. मीच मागितले. देवीच्या नावानं."

ढोल वाजत होता तो थांबला. भगताचा हात पोत्यातच राहिला. सरपंच म्हणाले, "म्हंजे? सपान पडलं नाय?"

"नाय."

"दोन वर्सं आमी तुझ्या पोरीम्होरं शेंग फोडली नाय, हौसा."

"नाय फोडली," वैनी म्हणाल्या. "म्हनून तर ती हितं बसलीय." आणि त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं. "डागदरनं सांगितलं ते मी घराघरात सांगितलं. कोनी ऐकलं नाय. देवीचं नाव घेतलं तर समद्यांनी ऐकलं. आता काय दंड करायचा तो मला करा. पन तो दाणा तिच्या तोंडात घालू नका. तिला देवी नाय वाचवायची, तुमीच वाचवाल."

गर्दी कुजबुजायला लागली. देवीच्या नावानं खोटं बोलणं म्हणजे गावाच्या पिकावर बेतायचं काम. दोघंतिघं तावातावानं बोलू लागली. तेवढ्यात भीमाकाकी काठी टेकत मधे आल्या.

"लाडू मी दिल्ता," त्या म्हणाल्या. "त्या टायमाला. कूट घालून. पोर निळी झाली ती माज्या हातानं. हौसाला म्हाईत हाय. दोन वर्सांत येकदा बोलली नाय मला." मग त्या भगताकडे वळल्या. "तिला दंड करायचा आसंल तर आदी मला करा."

सगळे भगताकडे बघायला लागले. म्हातारा बराच वेळ डोळे मिटून उभा होता. याच्या अंगात येऊन हा आता घुमणार असं मला वाटलं. पण त्यानं पोत्यातला हात काढला, धोतराला पुसला, रिकाम्या पारड्याच्या कडेवर टेकला आणि साध्या आवाजात म्हणाला, "देवीला काय फसवता येतंय? तिला पयल्याच दिशी कळलं आसंल. ती दोन वर्सं गप ऱ्हायली, मंग आमी कोन बोलनार? तांदूळ आना. पोर पारड्यात ताटकळलीय."

कुणीतरी तांदळाचं पोतं ओढत आणलं आणि तोंड सोडलं. डोळे पुसत असलेल्या वैनी एकदम पुढे धावल्या. "आदी पारडं धुवा," त्या ओरडल्या. "त्याला भगतदादांनी दाण्याचा हात लावलाय."

क्षणभर कुणाला कळेना. मग सरपंच हसले आणि सगळी जत्रा हसली. भगत स्वतः घागर घेऊन पारडं धुवायला बसला आणि वैनी वरून सांगत होत्या, "त्या कडंला, त्या कडंला ऱ्हायलंय." मंजीची तांदळानं तुला झाली. तिनं उतरल्यावर विचारलं, "मंग माजे दाणे कवा?" वैनींनी तिला सगळ्यांसमोर जवळ घेऊन सांगितलं, "कवाच नाय. तुला बाधतात. देवीबिवी काय नाय. खाल्लंस तर मरशील, आनि मी बी मरंन." लहान पोरीला असं सांगावं का, यावर गावात पुढे बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर, त्याहून बरं कुणी सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

दिवाळीनंतर माझी बदली झाली. मंजी तोपर्यंत शाळेत यायला लागली होती. पहिले पंधरा दिवस वैनी शाळेच्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. एवढा निवडलेला तांदूळ तालुक्यात कुणी खाल्ला नसेल. मग एक दिवस मीच त्यांना घरी पाठवलं.

मी निघालो तेव्हा चौकाच्या रस्त्यापर्यंत पोचवायला वैनी एकट्याच आल्या. मी विचारलं, "मंजी कुठाय?"

"वरल्या आळीत बारसं हाय. जेवायला गेलीय."

"एकटी?"

"येकटीच. मी म्हनले, तुजं तू इचार, तुजं तू बघ. आता काय तिच्या मागं मागं फिरायचं? मोटी झाली. मला काय बी काळजी नाय बघा, मास्तर." असं त्या बरंच बोलल्या. बोलताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. नजर सारखी मागे, गावाकडे.

पेट्रोल मिळत नसल्यानं कोळशाच्या गॅसवर चालणारी प्रवाशांची मोटार धुराचा लोट सोडत आली. मी ट्रंक वर चढवली, आत शिरलो, खिडकीतून हात हलवायला वळलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. वैनी कापलेल्या भाताच्या खाचरांतून, बांधानं वळायचं सोडून, नेसू वर खोचून सरळ वरल्या आळीकडे पळत होत्या.